नियम कोणता, आवड कोणती

‘अंगणात गाय आहे’ आणि ‘गाय अंगणात आहे’ ही दोन वाक्यं कुणाही मराठी माणसासमोर ठेवा. शब्द तेच आहेत, पण अर्थ एक नाही हे त्याला लगेच कळतं. पहिल्या वाक्यातली गाय अनोळखी आहे, कुठून तरी येऊन अंगणात उभी राहिलेली. दुसऱ्या वाक्यातली गाय घरची आहे. तिचा शोध चालला होता आणि ती कुठे आहे एवढंच सांगायचं राहिलं होतं. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नाही, शाळेच्या व्याकरणात त्याला धडा नाही, तरी चार वर्षांचं पोरही तो चुकवत नाही. इंग्रजीला हे काम शब्दांची जागा बदलून करणं अवघड जातं, कारण तिथे कर्ता, क्रियापद आणि कर्म यांच्या जागा बऱ्याचशा ठरून गेलेल्या आहेत. म्हणून ती पहिल्या गाईच्या आधी ‘अ’ लावते आणि दुसरीच्या आधी ‘द’.

इंग्रजी लिहिताना पडणारे प्रश्न बहुतेकांचे सारखेच असतात. इथे ‘अ’ लावू, ‘द’ लावू की काहीच नको? ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा का? ‘लेस’ बरोबर की ‘फ्युअर’? हे सगळे प्रश्न आपण एकाच धास्तीने विचारतो आणि सगळ्यांची उत्तरं पाठ करायला जातो. घोटाळा तिथेच होतो. यातल्या काही नियमांच्या मुळाशी अर्थ आहे. ते मोडले की वाचणारा भलतंच समजून बसतो. काहींच्या मुळाशी फक्त उच्चाराची सोय आहे. आणि काही नियम म्हणजे अडीचशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या लेखकाची आवड. पुढे ती मास्तरांच्या हाती लागली आणि कायदा होऊन बसली. कोणता नियम कुठल्या जातीचा हे एकदा कळलं की निम्मं ओझं उतरतं.

‘अ’ आणि ‘द’ यांच्या मुळाशी अर्थ आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही उपपदं आजच्या रूपात नव्हती. ‘एक’ या अर्थाचा ‘आन’ हा शब्द झिजत झिजत ‘ॲन’ झाला, पुढे नुसता ‘अ’ उरला. ‘द’ निघाला तो ‘तो, ती, ते’ यांच्यासारख्या दर्शक सर्वनामांतून. लॅटिनमध्येही उपपदं नव्हती. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या तिच्या लेकींनी ती ‘तो’ आणि ‘एक’ यांसाठीच्या लॅटिन शब्दांपासूनच घडवली. गोव्यातल्या पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या पिढीला ठाऊक असलेले ‘ओ’ आणि ‘आ’ याच वाटेने आलेले आहेत. संस्कृत, मराठी, हिंदी, रशियन, जपानी या भाषांनी ती वाट धरली नाही. तरी गोष्ट सांगायला बसलं की मराठीही म्हणते, ‘एका गावात एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ आधी ‘एक’, मग ‘तो’. म्हणजे सामान आपल्याकडेही तेच आहे. इंग्रजीत ते दर वेळी वापरावं लागतं, आपल्याकडे गरज पडली तरच.

मराठीची आणखी एक युक्ती मला फार मोलाची वाटते. ‘मी डॉक्टर शोधतोय’ असं कुणी म्हणालं तर त्याला कुणीही डॉक्टर चालणार आहे. ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ म्हणालं तर त्याच्या मनात एक ठरावीक माणूस आहे, आणि तो कोण हे ऐकणाऱ्यालाही बहुधा माहीत आहे. पहिल्या वाक्याचं इंग्रजी ‘अ डॉक्टर’ने होतं, दुसऱ्याचं ‘द डॉक्टर’ने. इंग्रजी उपपदांशी झटणाऱ्या विद्यार्थ्याला हीच दोन वाक्यं आधी द्यावीत असं मला मनापासून वाटतं. आपल्या भाषेत ही जाण नाही असं समजून तो घाबरलेला असतो, आणि ती जाण तर त्याच्या तोंडी रोज असते.

‘द’ लावताना बोलणारा ऐकणाऱ्याला सांगत असतो, ‘मी कशाबद्दल बोलतोय ते तुला ओळखता येईल.’ पाठ्यपुस्तकं शिकवतात की वस्तूचा पहिला उल्लेख ‘अ’ने करावा आणि दुसरा ‘द’ने. हे अर्धंच खरं आहे. ‘क्लोज द डोअर’ म्हणताना दाराचा उल्लेख आधी कुणी केलेला नसतो, पण खोलीला दार एकच आहे आणि ते दोघांनाही दिसतंय. ‘आय बॉट अ सायकल, बट द चेन वॉज ब्रोकन’ या वाक्यात चेनचा हा पहिलाच उल्लेख आहे, तरी तिला ‘द’ लागतो. सायकल म्हटलं की चेन आलीच, मग ती कुठली हे सांगायला नको. सूर्य, चंद्र, पंतप्रधान यांचंही तेच. तेव्हा हा शब्द आधी येऊन गेला का, हे मोजत बसू नये. कुठला ते समोरच्याला कळेल का, एवढं विचारावं.

आपल्या चुका होतात त्या मुख्यतः दोन ठिकाणी. ‘मी शिक्षक आहे’ या वाक्यात ‘एक’ घातला तर मराठी कानाला खटकतं, म्हणून आपण ‘आय ॲम टीचर’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत व्यवसाय सांगताना ‘अ’ हवाच, कारण त्या वर्गातला मी एक, असा तिथला हिशेब आहे. दुसरी अडचण मोजण्याची. मराठीत सल्ले दोन देता येतात, बातम्या चार ऐकता येतात. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’, ‘इन्फॉर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ ही नामं पाण्यासारखी मानली आहेत, त्यांची मोजदाद होत नाही. म्हणून त्यांना ‘अ’ लागत नाही आणि शेवटी ‘स’ही लागत नाही. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ असा वळसा घ्यावा लागतो. इथे तर्क चालवून उपयोग नाही. खुर्ची मोजता येते आणि फर्निचर मोजता येत नाही, याला भाषेच्या सवयीपलीकडे कारण नाही. अशी पंधरा-वीस नामं एकदा लक्षात ठेवली की पुरतात.

स्थळांच्या नावांबाबतही सवयीचाच कारभार आहे. नद्यांना, समुद्रांना आणि पर्वतरांगांना ‘द’ लागतो, एकट्या शिखराला आणि तलावाला लागत नाही. म्हणून ‘द गोदावरी’ आणि ‘द हिमालयाज’, पण एव्हरेस्ट नुसतं. देशांची नावं बहुतेक बिनउपपदाची, तरी ‘द नेदरलँड्स’ आणि ‘द गँबिया’ आहेतच. युक्रेनला इंग्रजीत पूर्वी ‘द युक्रेन’ म्हणत. 1991 साली तो देश स्वतंत्र झाल्यावर त्या ‘द’ला विरोध झाला. प्रदेशाला लावतात तसा ‘द’ सार्वभौम देशाला लावू नये, असं युक्रेनियन लोकांचं म्हणणं होतं. ते रास्त होतं आणि आज जगभरची वर्तमानपत्रं नुसतं युक्रेन लिहितात. ‘टु स्कूल’ आणि ‘टु द स्कूल’ यांतला फरक मात्र अर्थाचा आहे. मूल ‘टु स्कूल’ जातं ते शिकायला. पालक गुणपत्रिका आणायला जातात ते ‘टु द स्कूल’, म्हणजे त्या इमारतीत. आजारी माणूस ब्रिटनमध्ये ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकेत ‘इन द हॉस्पिटल’. दोन्ही बरोबर.

एका ‘अ’चं वजन किती असतं ते जुलै 1969 मध्ये चंद्रावर दिसलं. नील आर्मस्ट्राँग यांना म्हणायचं होतं की एका माणसाचं हे छोटं पाऊल मानवजातीची मोठी झेप आहे. पण पृथ्वीवर जे ऐकू आलं त्यात ‘मॅन’च्या आधीचा ‘अ’ नव्हता. ‘अ’शिवाय ‘मॅन’ म्हणजे समस्त मानव. मग मानवाचं छोटं पाऊल आणि मानवाचीच मोठी झेप, असं आपलंच म्हणणं खोडणारं वाक्य तयार होतं. आपल्या मनात ‘अ’ होता हे आर्मस्ट्राँग यांनी पुढे सांगितलं, आणि ध्वनिमुद्रणात तो दडलेला आहे का यावर संशोधकांचा वाद चालू राहिला.

‘द’च्या अभावाने झालेला वाद याहून कितीतरी गंभीर आहे. 22 नोव्हेंबर 1967 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 242 मंजूर केला. त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने सैन्य मागे घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही. ‘द’ नाही म्हणजे सगळे प्रदेश अभिप्रेत नाहीत, अशी इस्रायलची बाजू. फ्रेंच मसुद्यातली रचना मात्र ‘ते प्रदेश’ असा ठरावीक अर्थ देते, आणि ठरावाच्या प्रस्तावनेतच युद्धाने भूमी मिळवणं अमान्य केलं आहे, अशी अरब देशांची बाजू. अर्ध्या शतकाहून अधिक काळ मुत्सद्दी आणि कायदेपंडित त्या रिकाम्या जागेवर वाद घालत आले आहेत. उपपद ही बारीकसारीक बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा ठराव वाचावा.

‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न त्या मानाने फार सोपा आहे, कारण तिथे अर्थाचा संबंधच नाही. तो उच्चाराचा नियम आहे. स्पेलिंगकडे न बघता तो शब्द देवनागरीत लिहावा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ यांच्या स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर एच असलं तरी देवनागरीत स्वर येतो, म्हणून ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी’ आणि ‘युरोपियन’ यांत य आहे, ‘वन रुपी कॉइन’मध्ये व आहे, म्हणून ‘अ’. संक्षेपांनाही हेच लागू: ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एमपीएससी एक्झाम’, पण ‘अ यूपीएससी एक्झाम’. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते त्याचा हा मोठा फायदा आहे. एकाच ठिकाणी ती दगा देते. वर्ष या अर्थाच्या शब्दाच्या सुरुवातीला इंग्रजीत य आहे, पण आपण तो ‘इयर’ असा म्हणतो आणि कानाच्या शब्दाशी त्याची गल्लत होते. मग ‘ॲन इयर’ लिहिलं जातं. उलट एसटीला ‘यष्टी’ म्हणणाऱ्याच्या तोंडी स्वराच्या जागी य येतो. दोन्ही वेळा चूक नियमाची नसते, उच्चाराची असते. ‘ॲन हिस्टॉरिक’ असं जुन्या पुस्तकांत दिसतं ते याचमुळे. त्या शब्दातला ह एके काळी अगदी पुसट उच्चारत. आता तो स्पष्ट उच्चारतात, तेव्हा ‘अ हिस्टॉरिक’ लिहावं.

या ‘ॲन’ने इंग्रजीत एक मौज करून ठेवली आहे. क्रिकेटमधला अंपायर मुळात ‘नंपायर’सारखा होता. जुन्या फ्रेंचमध्ये ‘जोडीचा नसलेला’ अशा अर्थाचा शब्द होता. दोन पक्षांच्या बाहेरचा तिसरा माणूस तो पंच. इंग्रजीत त्याच्या आधी ‘अ’ लागला आणि ऐकणाऱ्यांनी न हे अक्षर उपपदाला जोडून टाकलं: ‘अ नंपायर’चा ‘ॲन अंपायर’ झाला. ‘एप्रन’ही तसाच, आधी तो ‘नेप्रन’ होता. उलटही घडलं. टोपणनाव या अर्थाचा ‘निकनेम’ हा पूर्वी ‘एकनेम’ होता, म्हणजे जादाचं नाव. ‘ॲन’चा न त्याने ओढून घेतला. संत्र्याचा ‘ऑरेंज’ हा शब्द तर आपल्याकडूनच निघालेला. संस्कृत ‘नारंग’ फारसी आणि अरबीमार्गे युरोपात गेला. स्पॅनिशने न राखला. इटालियन आणि फ्रेंचमध्ये तो उपपदाला जोडून बोलता बोलता गळाला, आणि इंग्रजीला न नसलेलाच शब्द मिळाला. आपल्या ‘नारिंगी’त तो शाबूत आहे.

आता स्वल्पविराम. वाचताना जिथे श्वास घ्यावा वाटतो तिथे स्वल्पविराम द्या, असं अजून शिकवलं जातं. हा सल्ला जुना आहे आणि त्याच्या काळी तो बरोबर होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख ॲरिस्टोफेनिस यांनी मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी ओळीत वर, मध्ये आणि खाली ठिपके देण्याची पद्धत काढली. किती थांबायचं ते ठिपक्याच्या उंचीवरून कळे. ‘कॉमा’ हा तेव्हा चिन्हाचा शब्द नव्हता, वाक्याच्या छोट्या तुकड्याला ते नाव होतं. आजचा वळणदार स्वल्पविराम रूढ केला तो व्हेनिसचे मुद्रक आल्डस मान्युशियस यांनी, पंधराव्या शतकाच्या अखेरीस. छापील पुस्तक मनातल्या मनात वाचलं जाऊ लागलं तसं श्वासाचं महत्त्व कमी झालं आणि वाक्यरचना दाखवणं हे चिन्हांचं मुख्य काम झालं. आपल्याकडे मोडीत लिहिताना शब्दही तोडत नसत. मराठी गद्यात विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यात साथ देणाऱ्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मराठीत हा पाहुणा अजून दोनशे वर्षांचाही नाही, आणि त्याच्याशी आपण जरा सैल वागतो. ‘मी घरी गेलो, हातपाय धुतले, जेवलो, झोपलो’ हे मराठीत सुरेख वाक्य आहे. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं ही चूक धरतात. तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘अँड’ लागतो.

अर्थ खरोखर बदलतो तो पुढच्या ठिकाणी. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे इज अ डॉक्टर’ हे वाक्य बिनस्वल्पविरामाचं लिहिलं तर मला भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यातला पुण्याचा डॉक्टर आहे. ‘ब्रदर’नंतर आणि ‘पुणे’नंतर स्वल्पविराम दिले तर भाऊ एकच, आणि पुण्याचा उल्लेख जाता जाता केलेला. मराठीत यासाठी चिन्ह लागत नाही, ‘जो-तो’ची जोडी आहे. ‘माझा जो भाऊ पुण्यात राहतो तो डॉक्टर आहे’ म्हटलं की निवड झाली. ‘माझा भाऊ पुण्यात राहतो, तो डॉक्टर आहे’ म्हटलं की नुसती माहिती. पहिल्या जातीच्या वाक्यात ‘दॅट’ आणि दुसऱ्या जातीच्या वाक्यात ‘विच’ वापरावं, हा फाउलर यांनी 1926 सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात पुरस्कारलेला तोडगा. अमेरिकी संपादकांनी तो नियमासारखा पाळला, ब्रिटिशांनी फारसा मनावर घेतला नाही. स्वल्पविराम मात्र दोन्हीकडे सारखाच बंधनकारक आहे.

दुसरं ठिकाण नकार आणि कारण एकत्र येतात ते. ‘ही डिडन्ट लीव्ह द जॉब बिकॉज ही वॉज टायर्ड.’ त्याने नोकरी सोडलीच नाही, की सोडली पण थकवा हे कारण नव्हतं? ‘बिकॉज’च्या आधी स्वल्पविराम दिला तर पहिला अर्थ पक्का होतो. ‘थकला म्हणून त्याने नोकरी सोडली नाही’ हे आपलं वाक्यही तितकंच दुटप्पी आहे आणि तिथे कुठलंही चिन्ह मदतीला येत नाही. ‘थकला म्हणून नव्हे, तर…’ असं वाक्यच फिरवावं लागतं. इंग्रजीतही तेच करणं उत्तम. ज्या वाक्याचा सगळा अर्थ एका स्वल्पविरामावर तोलला आहे ते वाक्य पुन्हा लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

कायदेमंडळांनी हा सल्ला पाळला असता तर काही खटले उभेच राहिले नसते. अमेरिकेतल्या मेन राज्यात जादा कामाच्या मोबदल्यातून काही कामं वगळणारा एक कायदा होता. नाशवंत खाद्यपदार्थ डबाबंद करणं, प्रक्रिया करणं, गोठवणं, वाळवणं, साठवणं अशी यादी देऊन शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’ असे शब्द होते. ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे चालक दूध वाटत फिरायचे, पॅकिंग करत नव्हते. त्यांचं म्हणणं असं की वगळलं आहे ते फक्त पॅकिंग, मग ते रवानगीसाठी असो की वितरणासाठी. वितरण हे वेगळं काम यादीत नाहीच. कंपनीचं म्हणणं, वितरण हे यादीतलं शेवटचं स्वतंत्र काम आहे. मेनच्या कायद्यांचे मसुदे लिहिण्याच्या पुस्तिकेत यादीतल्या शेवटच्या घटकाआधी स्वल्पविराम देऊ नये असंच सांगितलं आहे, याकडे कंपनीने बोट दाखवलं. चालकांनी उलट दाखवून दिलं की यादीतली बाकी सगळी कामं ‘इंग’ने संपतात, ‘डिस्ट्रिब्युशन’ मात्र ‘शिपमेंट’च्या पंगतीला बसलं आहे. बोस्टनच्या संघीय अपील न्यायालयाने 13 मार्च 2017 रोजी शब्दरचना संदिग्ध ठरवली, आणि संदिग्धता असेल तर कायद्याचा अर्थ कामगारांच्या बाजूने लावायचा या तत्त्वावर निकाल चालकांकडे झुकला. 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान विधिमंडळाने ते कलम सुधारलं. यादीत अर्धविराम घातले आणि ‘डिस्ट्रिब्युशन’चं ‘डिस्ट्रिब्युटिंग’ केलं. ही दुरुस्ती मला निकालापेक्षाही बोलकी वाटते, कारण नुसता एक स्वल्पविराम घालून न थांबता त्यांनी शब्दाचं रूपही यादीशी जुळवून घेतलं.

यादीतल्या शेवटच्या घटकाआधीच्या या स्वल्पविरामाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, कारण ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याने तो आपल्या शैलीत धरून ठेवला. अमेरिकेत शिकागोची शैलीपुस्तिका तो द्यायला सांगते, वृत्तसंस्थांची शैली तो साध्या यादीत टाळते, ब्रिटिश वर्तमानपत्रंही बहुधा टाळतात. 2020 च्या जानेवारीत ब्रेक्झिटनिमित्त निघालेल्या 50 पेन्सच्या नाण्यावर तो नव्हता, तेव्हा लेखक फिलिप पुलमन यांनी सुशिक्षितांनी ते नाणं घेऊच नये असं जाहीरपणे म्हटलं होतं. इतका राग मला अनाठायी वाटतो. नाण्यावरच्या ‘शांतता, समृद्धी आणि मैत्री’ यात कुणाचा गोंधळ होण्यासारखा नव्हता. हा नियम नाही, छापखान्याची रीत आहे. एक रीत निवडावी, ती लेखभर पाळावी आणि जिथे अर्थ फुटतो तिथे ती बाजूला ठेवावी.

स्वल्पविरामावरून कॅनडात झालेलं एक प्रकरण मेनच्या खटल्याहून वेगळं. विजेच्या खांबांवरून तारा नेण्याचा रॉजर्स आणि अलायंट या कंपन्यांमधला करार पाच वर्षांचा होता, पुढे पाच-पाच वर्षांनी आपोआप वाढणारा, आणि एक वर्षाची नोटीस देऊन संपवता येणारा. नोटिशीच्या कलमाआधी एक स्वल्पविराम होता. त्यामुळे ही मुभा पहिल्या पाच वर्षांनाही लागू होते, असा निर्णय दूरसंचार नियामकाने 2006 मध्ये दिला. पुढच्या वर्षी त्याच कराराचा फ्रेंच मजकूर पाहण्यात आला. त्यात संदिग्धता नव्हती, आणि निर्णय फिरला. दोन भाषांत लिहिलेला मजकूर एकमेकांची चूक कशी पकडतो त्याचं हे चांगलं उदाहरण आहे. महाराष्ट्रात मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मसुदे करणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

शब्दनिवडीच्या नियमांत आवडीनिवडींचा भरणा सर्वांत जास्त. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्युअर’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, हा नियम आपण ब्रह्मवाक्य म्हणून शिकतो. नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या इंग्रजीतही ‘लेस’ मोजण्याच्या नामांबरोबर येत होता. 1770 साली रॉबर्ट बेकर यांनी संख्येसाठी ‘फ्युअर’ अधिक बरा दिसेल असं आपलं मत म्हणून लिहिलं, आणि त्या मताचा पुढे नियम झाला. 2008 मध्ये ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशा पाट्यांवरच्या तक्रारींना कंटाळून ‘अप टु टेन आयटम्स’ असं लिहायचं ठरवलं. परीक्षेत आणि अर्जात ‘फ्युअर’ पाळावा, तिथे तो अपेक्षित असतो. पण पैसा, अंतर आणि वेळ यांच्यासाठी ‘लेस’च योग्य: ‘लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’. आपल्या ‘कमी’ला पाणीही चालतं आणि माणसंही, म्हणून हा भेद आपल्याला नव्याने शिकावा लागतो. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी येऊ नये ही बंदीही अशीच. 1672 मध्ये कवी ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनात तो दोष म्हणून दाखवला, आणि तिच्यामागे लॅटिनचा आदर्श होता. ‘हू आर यू टॉकिंग टु’ यात कसलीही चूक नाही.

भारतीय इंग्रजीवरच्या टीकेतही हाच निवाडा करायला हवा. ‘प्रीपोन’ला हसणारे लोक आहेत, मला तो शब्द नेटका वाटतो, काम चोख करतो आणि ऑक्सफर्डच्या कोशातही तो आहे. ‘कझिन ब्रदर’ पाल्हाळ वाटेल, पण चुलतभाऊ की चुलतबहीण हे सांगण्याची आपल्या घरात गरज असते आणि ‘कझिन’ ते सांगत नाही. ‘डिस्कस अबाउट’ मात्र टाळावं. ‘विषयी चर्चा’तला ‘विषयी’ तिथे येऊन बसला आहे आणि ‘डिस्कस’च्या पोटात तो आधीच आहे. ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’, ‘टुडे मॉर्निंग’मधला ‘टुडे’ हे त्याच वाटेने आलेले. ‘रिव्हर्ट’ हा शब्द उत्तर देणं या अर्थाने इथल्या कचेऱ्यांत सर्रास चालतो, पण लंडनमधला वाचणारा त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं असा घेऊ शकतो. तिकडे पत्र धाडायचं असेल तर साधा ‘रिप्लाय’ बरा.

सर्वांत हट्टी आहे तो आपला ‘च’. ‘आय विल कम टुमॉरो ओन्ली’, ‘ही इज देअर ओन्ली’ ही वाक्यं ‘उद्याच’ आणि ‘तिथेच’ यांची इंग्रजी रूपं आहेत. ‘च’ कुठल्याही शब्दाला चिकटतो आणि नुसता जोर देतो. ‘ओन्ली’ जोर देत नाही, बाकीचं सगळं वगळतो. ‘मीच सांगितलं’ याचं इंग्रजी ‘ओन्ली आय टोल्ड’ केलं तर माझ्याशिवाय कुणीच सांगितलं नाही, असा अर्थ होतो. म्हणायचं असतं ते ‘इट वॉज आय हू टोल्ड हिम’. ‘उद्याच येतो’साठी ‘टुमॉरो’वर आवाजाचा भर पुरतो, लिहिताना ‘टुमॉरो इटसेल्फ’पेक्षा ‘नो लेटर दॅन टुमॉरो’ स्पष्ट. ‘तिथेच’साठी ‘राइट देअर’ आहे, ‘त्याच दिवशी’साठी ‘द व्हेरी सेम डे’ आहे, ‘आलोच’साठी ‘आय ॲम ऑन माय वे’ चालेल, आणि ‘खरंच’साठी ‘रिअली’. एका ‘च’ला इंग्रजीत इतकी निरनिराळी रूपं घ्यावी लागतात, म्हणून प्रत्येक वेळी आधी तो ‘च’ त्या वाक्यात काय करतोय ते पाहावं आणि मगच शब्द शोधावा.